उतरवायची राहिलेली दोरी

"दोरी कायम चढवून ठेवली की धनुष्य बाण मारायचं विसरतं," असं पंचशीला सरवदे एकदा स्टाफरूममध्ये म्हणाली. दुसऱ्या दिवशी मराठीच्या सरांनी ते वाक्य शाळेच्या दर्शनी फळ्यावर रंगीत खडूने लिहून टाकलं. सुविचार म्हणून. खाली कुणाचंच नाव नव्हतं. परिपाठाला पोरांनी ते एका सुरात म्हटलं, आणि पंचशीला गळ्यात शिट्टी अडकवून रांगेच्या कडेला उभी राहिली. मधल्या सुट्टीत तिने सरांना सांगितलं, की हा सुविचार नाही, मला कपाट उघडून पाहिजे. सर हसले. त्यांना वाटलं, ही त्याची दुसरी ओळ आहे.

ते कपाट मुख्याध्यापकांच्या कार्यालयात होतं, दारातून आत आलं की समोरच. काचेचं, तीन फळ्यांचं. वर ढाली, खाली चषक, आणि मधल्या फळीवर दोन खुंट्यांना टेकवून ठेवलेलं धनुष्य. समोरची खिडकी पश्चिमेची. दुपार कलली की ऊन काचेवर यायचं आणि शाळा सुटेपर्यंत तिथून हलायचं नाही. चैत्र-वैशाखात त्या काचेला हात लावला तर भाजायचा. आत धनुष्य, दोरी चढवलेलं, ताणलेलं. त्याची मूठ काळपट तांबड्या लाकडाची होती. मुठीच्या वर-खाली वाकणाऱ्या दोन पात्यांवरची काचेच्या धाग्याची पांढरी पट्टी पिवळी पडली होती. बनवणाऱ्याचं नाव कधीकाळी सोनेरी अक्षरांत होतं, त्यातली शेवटची दोन अक्षरं उरली होती.

परळी तालुक्यातल्या एका गावात, धर्मापुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही शाळा आहे. पंचशीला त्याच गावची, बौद्ध वस्तीतली, आणि त्याच शाळेची विद्यार्थिनी. खेळाचे शिक्षक राधाकिशन सर यांनी तिला तिरंदाजीसाठी निवडलं ते तिचा नेम पाहून नव्हे. सरांनी एका संध्याकाळी पोरापोरींना ओळीत उभं केलं, प्रत्येकाच्या डाव्या हातात वीट दिली आणि हात लांब धरायला सांगितलं. थोड्या वेळाने एकेकाची वीट खाली आली. सर चहाला गेले. चहावर कुणीतरी भेटलं, गप्पा लांबल्या. परत आले तर मैदान रिकामं, आणि पंचशीला एकटी वीट धरून उभी. सर म्हणाले, "आता ठेव की गं." मग तिने ठेवली.

ते धनुष्य सरांनी पुण्याला एका निवृत्त सुभेदाराकडून आणलं होतं. साठच्या दशकातलं, अमेरिकेत बनलेलं. सर त्याच्याबद्दल बोलू लागले की पोरं वर्तुळ करून बसत. आधीची धनुष्यं नुसत्या लाकडाची असायची, सर सांगत. थंडीत तडकायची, उन्हात लोळागोळा व्हायची. मग तिकडे काही माणसं निघाली. कारखानदार नव्हेत, शिकारी, सुतार, घरामागच्या खोलीत रंधा मारत बसणारी. त्यांनी लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवल्या आणि त्यांच्या पोटाला आणि पाठीला काचेच्या धाग्याची पट्टी लावली. कितीतरी धनुष्यं वाया गेली, कितीतरी तोंडावर फुटली, तेव्हा एक टिकलं. पुढे कुणीतरी मूठ धातूची केली आणि पाती स्क्रूने काढता-घालता यायला लागली. "आपलं त्याच्या आधीचं हाय," सर म्हणत. "हे सुटं होत न्हाई. जसं हाय तसं अख्खं." त्या माणसांची नावं सरांना नीट उच्चारता येत नसत, म्हणून त्यांनी एकाचं नाव काचवाले बुवा ठेवलं होतं आणि दुसऱ्याचं स्क्रूवाले. गावातल्या गेलेल्या माणसांबद्दल बोलावं तसं ते त्यांच्याबद्दल बोलत.

पहिल्याच दिवशी सरांनी दोरी चढवायला आणि उतरवायला शिकवलं. एक पाय दोरी आणि धनुष्य यांच्या मधून घालायचा. खालचं टोक दुसऱ्या पायाच्या घोट्याला अडकवायचं, मूठ मांडीमागे टेकवायची आणि वरचं पातं पुढे वाकवायचं. दोरी उतरली तेव्हा धनुष्य तिच्या हातात उसळलं आणि उलट्या बाजूला वळून बसलं. पंचशीला घाबरली. तिला वाटलं, मोडलं. सर म्हणाले, हेच त्याचं खरं रूप. दिवसभर आपण त्याला मनाविरुद्ध वाकवतो, रात्री त्याला त्याच्या बाजूने झोपू द्यायचं.

त्या धनुष्यावर ती राज्यापर्यंत खेळली. शाळेला मिळालेल्या ढालींपैकी बऱ्याच तिच्या. शेवटची स्पर्धा झाली त्या दिवशी धनुष्य शाळेत जमा झालं, कारण ते शाळेच्या पैशाने घेतलेलं होतं. सत्कार झाला, संस्थाचालकांनी ते स्वतःच्या हाताने कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. सत्कारासाठी दोरी चढवलेली होती, ती तशीच राहिली.

नंतर पंचशीलाने अंबाजोगाईला शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली. लग्न झालं, मोडलं. आई एकटी होती म्हणून ती गावात परतली आणि त्याच शाळेत, विनाअनुदानित तुकडीवर, खेळाची शिक्षिका म्हणून लागली. मान्यता आज येईल, उद्या येईल. प्रस्ताव पुढे पाठवायचा की नाही हे संस्थाचालकांच्या मनावर होतं. मैदानावर कनिष्ठ महाविद्यालयाची इमारत उभी राहिली. राधाकिशन सर त्यावरून भांडले, निवृत्तीनंतर अंबाजोगाईला राहायला गेले, आणि पुन्हा शाळेची पायरी चढले नाहीत. तिरंदाजी संपली. पंचशीला पोरांना कवायत शिकवायची आणि कुणी शिक्षक रजेवर असला की त्याच्या तासाला वर्गात बसायची. घड्याळ मात्र अजून उजव्या मनगटावर बांधायची. डाव्या हातावर दोरी घासते, ही जुनी सवय.

संस्थाचालक सुंदरराव यांना सगळे अण्णा म्हणत. ते वाईट माणूस नव्हते. कुणी पाहुणा आला, अधिकारी आला, की ते पंचशीलाला वर्गातून बोलावून घेत आणि कपाटाशेजारी उभं करत. "ही आमची पंचशीला. आन् हे तिचं धनुष्य." पाहुणा आधी धनुष्याकडे बघायचा, मग तिच्याकडे, मग चहाकडे. ती नमस्कार करून वर्गावर परतायची.

दोरी उतरवू द्या, हे तिने त्यांना किती प्रकारे सांगितलं. लाकडाचं आयुष्य असतं, उन्हाने आतला गोंद सुटतो, पाती मेली की परत येत नाहीत. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं खरं हाय, मॅडम. पण उतरवलं की उलटं होतंय ना ते? पाव्हणे इचारतेत, मोडकं कावून ठिवलं काचेत?"

चावी त्यांच्याच जुडग्यात होती. पूर्वी एक चषक चोरीला गेला तेव्हापासून ते ती कुणाला देत नसत. कपाट वर्षातून एकदाच उघडायचं, दसऱ्याला, शस्त्रपूजेसाठी. आणि दसऱ्याला पंचशीला गावात नसायची. वस्तीतली गाडी दोन दिवस आधीच नागपूरला निघायची, दीक्षाभूमीला. तिची आई सिंधुबाई लहानपणापासून एकही वर्ष चुकलेली नव्हती, आणि गर्दीत आईला सांभाळायला पंचशीला हवी असायची. परत आल्यावर तिला धनुष्याच्या मुठीवर कुंकवाची बोटं दिसायची, काचेच्या आत. सुकून गेलेली झेंडूची पाकळी दिवाळीनंतरही तिथेच असायची.

यंदा भाद्रपदात राधाकिशन सरांना अर्धांगवायूचा झटका आला. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात त्यांना ठेवलं होतं. उजवी बाजू गेली होती. तोंडातून जे निघे ते त्यांच्या बायकोलाच कळत होतं, तेही निम्मं. पंचशीला खाटेजवळ उभी राहिली तेव्हा सरांनी बराच वेळ खटपट करून दोन शब्द काढले. बायको म्हणाली, पाणी मागत असतील. पंचशीलाला ते शब्द कळले होते.

"उतरवली ना?"

"उतरवली, सर," ती म्हणाली.

सरांनी डोळे मिटले. चेहऱ्याची धड राहिलेली डावी बाजू सैल झाली. परतीच्या जीपमध्ये पंचशीला दाराशी दाटीवाटीने बसली होती आणि शेजारच्या बाईचं पोर तिच्या मांडीवर झोपून गेलं होतं. गाव येईपर्यंत तिने पाय हलवला नाही.

मग तिने आईला सांगितलं, की यंदा मी नागपूरला येत नाही. सिंधुबाई भाकरी थापत होती. तिने कारण विचारलं. पंचशीलाने खरं कारण सांगितलं, कारण आईशी खोटं बोलणं तिला कधी जमलं नाही.

"म्हंजी बाबासायबापरीस त्ये लाकूड मोठं झालं," सिंधुबाई म्हणाली. "जाय. पूज त्येंच्यासंगं."

"पुजायला न्हाई चालले, आई. दोरी काढायला चालले."

"त्ये काय तुला काढू देतेत? सतरा वेळा न्हाई म्हनले ना?"

गाडी गेली तेव्हा सिंधुबाईने मागे वळून पाहिलं नाही. शेजारच्या बायका तिला सांभाळतील, एवढं म्हणून पंचशीला घरात आली.

दसऱ्याच्या सकाळी ती पांढरी साडी नेसून विहारात गेली. मागे राहिलेली म्हातारी माणसं तेवढी होती. वंदना झाली आणि ती तशीच शाळेकडे निघाली. कार्यालयात पूजा नुकतीच झाली होती. टेबलावर पिवळं फडकं अंथरलं होतं. त्यावर धनुष्य, अण्णांचं परवान्याचं पिस्तूल, प्रयोगशाळेतलं सूक्ष्मदर्शक, शाळेच्या गाडीची चावी, घंटेचा हातोडा. सगळ्यांना झेंडू, सगळ्यांना हळदकुंकू. शिक्षक भिंतीला लागून उभे होते. अण्णांच्या पत्नी तुळजाबाई आरतीचं तबक खाली ठेवत होत्या.

"या मॅडम," अण्णा म्हणाले. "आज नागपूर न्हाई?"

तिने सांगितलं, न्हाई गेले. आणि लगेच, आवाज न बदलता, की धनुष्य बाहेर काढलंच आहे तर मी दोरी उतरवते.

अण्णांनी तुळजाबाईंकडे पाहिलं. "आज न्हाई हो. पुजलेलं हत्यार आज हलवायचं नसतं. उद्या बघू."

उद्या सुट्टी होती. परवा कपाटाला कुलूप असणार होतं. हे दोघांनाही माहीत होतं, भिंतीपाशी उभ्या शिक्षकांनाही. पंचशीला त्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

मग अण्णांचा मुलगा पप्पू आला, सोबत मोबाइल धरलेला एक मित्र. पप्पूला जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं, बॅनर करायचे होते. त्याने टेबलावर नजर फिरवली, पिस्तूल उचलायला गेला. अण्णा म्हणाले, त्ये नको, गावात चर्चा होती. तेव्हा त्याने धनुष्य उचललं. हत्यार आज हलवायचं नसतं, हे कुणी म्हणालं नाही. पप्पूने छाती काढली, दोरी धरली आणि ओढली. दोरी सहज कानापर्यंत आली.

"लई हलकं हाय की बे हे," तो मित्राला म्हणाला. "शाळेत असताना वाटायचं, हे हलतबी नसंल."

"सोडू नका," पंचशीला म्हणाली. "बाण नसताना सोडलं तर फुटतं. सावकाश परत आणा."

तिने त्याला पाचवीपासून कवायत शिकवली होती. त्याने मुकाट्याने दोरी परत आणली. मग हसून धनुष्य तिच्यापुढे धरलं.

"मग तुमीच दाखवा ना, मॅडम."

"हां, मॅडमचाबी फोटू घ्या," अण्णा म्हणाले. "टाका बॅनरवर, खाली एका कोपऱ्यात." रांगेत कुणीतरी हसलं.

तिने धनुष्य हातात घेतलं. मुठीवर ओलं कुंकू होतं. तिने तीन बोटं दोरीवर ठेवली आणि ओढली, एकदाच. जिथे खांद्यावर वजन यायला हवं तिथे काहीच आलं नाही. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि सपाट जमीन लागावी, तसा तिचा हात मागे गेला. तिने तो परत आणला. मित्राने फोटो घेतला, आणखी एक घेतो म्हणाला.

पंचशीलाने साडीचा घोळ एका हाताने आवरला आणि उजवा पाय दोरी आणि धनुष्याच्या मधून घातला.

"अगं बाई, पाय," तुळजाबाई म्हणाल्या. "पुजलंय त्ये. हत्याराला पाय लावती का गं?"

"मॅडम," अण्णा म्हणाले. आवाज मोठा नव्हता. त्या एका शब्दात मान्यता होती, प्रस्ताव होता, सगळं होतं.

तिने खालचं टोक घोट्याला अडकवलं, मूठ मांडीमागे टेकवली आणि वरचं पातं पुढे वाकवलं. त्याला जोर लावावा लागला नाही. दोरीचा फास खाचेतून निघाला. तिने हात सैल केला आणि थांबली.

धनुष्य उसळलं नाही. झोपेतला माणूस कूस बदलायला जातो आणि तसाच राहतो, तेवढं हललं. मग वाकलेलंच राहिलं, दोरी असताना होतं तसं. पंचशीलाने पाय बाहेर काढला. वरच्या पात्यावरून तिने अंगठा फिरवला. एका जागी काच लाकडापासून सुटली होती. तिथे नखाने दाबलं तर ती खाली जायची आणि वर यायची.

खोलीतल्या कुणालाच काही वेगळं दिसलं नव्हतं. अण्णा जवळ आले, धनुष्याकडे निरखून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"हे तर हाय तसंच दिसतंय की," ते म्हणाले. "उलटं कुठं झालं? असं होतं तर आधी सांगायचं ना मॅडम, कवाच काढू दिली असती."

तुळजाबाईंनी धनुष्याला बोटं लावून ती स्वतःच्या कपाळाला लावली आणि पुटपुटत क्षमा मागितली. पप्पू मित्राच्या मोबाइलमध्ये फोटो बघत होता. पंचशीलाने धनुष्य पिवळ्या फडक्यावर आडवं ठेवलं, दोरीची गुंडाळी करून त्याच्याशेजारी ठेवली, आणि शिक्षकांच्या रांगेपुढून चालत दारातून बाहेर निघून गेली.