बाबांचा दरबारी फोटो

आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. तेही चित्रकला घेऊन, याचं आईला अजून नवल वाटतं. वर्ध्यातला फोटो स्टुडिओ मी माझ्या हिमतीवर चालवते, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही.

मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, वारले तेव्हा त्यांचा एक धड फोटो निघाला नाही. मग सगळीकडे करतात तेच केलं गेलं. आधार कार्डावरचा चेहरा कापून कॉम्प्युटरमधल्या तयार कोट-टायवर बसवला. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे दिवसकार्याच्या कार्यक्रमाला बाबा त्या फोटोपुढे बराच वेळ उभे होते. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "तोंड माह्या भावाचं हाये. खांदे कोनाचे?"

दोघा भावांनी जन्मभर जिनिंगमध्ये कापसाचे बोजे वाहिले. दोघांचाही उजवा खांदा खाली उतरलेला.

पुढे बाबाच आजारी पडले. सावंगीच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. बाबांना कोणी काही बोललं नव्हतं, पण ते म्हणाले, "माहा फोटो आत्ताच काढ. मी गेल्यावर मले दुसऱ्याच्या अंगावर बसवू नोको."

काढायचा तर राजासारखाच, असं मी ठरवलं. कॉलेजात संस्थानिकांचे जुने फोटो मी डोळे दुखेपर्यंत पाहिले होते. तो थाट कॅमेऱ्याचा नाहीच, तैलचित्रांकडून उसना आणलेला. मागे जड पडदा, एकाच बाजूचा उजेड, चेहरा किंचित वळलेला, कॅमेरा जरा खाली, म्हणजे पाहणाऱ्याला मान वर करावीच लागते. फोटो छापून झाला की चित्रकार त्यावर रंग चढवायचा आणि राजाचं पोट, सुरकुत्या, देवीचे व्रण हळूच बुजवायचा.

त्याच रीतीने मी निळा कोट शिवून घेतला आणि टेलरला सांगून उजव्या खांद्यात पॅड भरून घेतलं.

स्टुडिओत खुर्चीवर बसल्यावर बाबांनी खांदा चाचपला. आत काय भरलं, विचारलं. मी म्हटलं, खांदा सरळ दिसावा म्हणून. राजेलोकांचंही असंच करायचे.

"राजानं बोजे नाई उचलले. काढ ते."

आई पडद्याजवळ उभी होती. ती म्हणाली, "आता सरळ बसा ना राजेसाहेब. पोरगी कवाची उभी हाये."

"सरळच बसून राह्यलो," बाबा म्हणाले. "माहं सरळ असंच हाये."

मी अस्तराची शिवण उसवली, पॅड काढलं. कोट तिथे लोंबला. मग खुर्ची फिरवून तोच खांदा उजेडाकडे घेतला. कोणत्याही दरबारी चित्रकाराने तो अंधारात ठेवला असता. बाबांनी हात टेबलावर ठेवला, श्वास धरला, आणि मी क्लिक केलं.

मोठी प्रिंट नागपूरच्या लॅबमध्ये दिली. तिथून फोन आला, "मॅडम, एक खांदा खाली दिसून राहिला. बरोबर करून देऊ का? वेगळे पैसे नाही घेत." मी सांगितलं, चेहऱ्याला, खांद्याला, कशालाच हात लावायचा नाही.

फ्रेम घरी आली तेव्हा बाबा अंथरुणावरून उठू शकत नव्हते. आईने ती समोर धरली. त्यांनी काचेवर बोट ठेवून मानेपासून खाली उतरती रेघ ओढली आणि होकाराची मान डोलावली.

बाबा गेले त्या दिवशी घरात कोणाला फोटो शोधावा लागला नाही.