बद्द आवाज ओळखणारा माणूस

"कसं वाजून राहिलं गा बाबू?"

भेटल्यावर काकांचा पहिला प्रश्न हाच. विचारताना बोटाचं पेर माझ्या छातीवर दोनदा टकटक वाजवायचं आणि मान तिरपी करून खरोखरच कान लावायचा. रस्त्यात, बँकेच्या रांगेत, कुठेही. माझ्या मुलीच्या लग्नात मी नवा कोट घालून उभा होतो, तिथेही त्यांनी टकटक केलंच. व्याह्यांना वाटलं, हे आमचे फॅमिली डॉक्टर असावेत.

डॉक्टर नव्हते. रेल्वेत फिटर होते. गाडी यार्डात आली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकामागून चाक ठोकत जायचं हे त्यांचं काम. चाक धड असेल तर खणखणीत वाजतं. कुठे चीर गेली असेल तर बद्द वाजतं. चीर डोळ्याला दिसेलच असं नाही, पण कानाला कळते. सगळी चाकं ऐकून झाली की ते डब्यावर खडूने खूण करायचे, मग गाडी पास. मी त्याच डेपोत कारकून. आमच्या डेपोत कारकुनाला सगळे बाबू म्हणत, म्हणून मी बाबू. त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. जरीपटक्यात आमची घरं एकाच गल्लीत आणि चर्चची मंडळीही एकच, त्यामुळे सोमवार ते शनिवार हातोडीचा आवाज आणि रविवारी उपासनेत त्यांचा बेसूर आवाज, असे आठही प्रहर काका माझ्या कानावर होते.

एकदा गाडीला उशीर झाला होता आणि एका साहेबांना घाई होती. काका एका चाकाजवळ थांबले ते हलेनात. साहेब म्हणाले, "अरे छोडो, आगेवाले देख लेंगे."

काका म्हणाले, "साहब, आगेवाला भी यहीच बोलेगा."

डबा गाडीपासून सोडवून बाजूला काढला. चाकात केसाएवढी चीर निघाली. साहेब भला माणूस, त्यांनी नंतर सगळ्यांदेखत काकांना चहा पाजला. मी तो किस्सा इतक्यांदा सांगितला आहे की माझ्या घरात आता मी सुरुवात केली की लोक उठून जातात. जाऊ द्या. अशा माणसाच्या शेजारी आपण तीस वर्षं काढली याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

निवृत्त झाल्यावर हातोडी सुटली, सवय सुटली नाही. मंडळीत ते पंच होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे इवलेसे प्याले तबकात घालून बाकांमधून फिरवायचे, हे पंचांचं काम. त्याआधी प्रत्येकाने स्वतःला तपासावं, कुणाशी वाकडं असेल तर आधी ते सरळ करावं आणि मगच हात पुढे करावा, असं पाळक, म्हणजे आमचे पास्टर, दर वेळी सांगतात. आम्ही ते दर वेळी ऐकतो. तुमच्याही देवळात, मशिदीत, विहारात असं काही सांगत असतीलच आणि तुम्हीही आमच्यासारखेच मान हलवत असाल.

काका मात्र मान हलवत नसत. ते खरंच तपासायचे. रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकून स्वतःशी मोठ्याने बोलायचे. काकू आतून ओरडायच्या, "सकाळी सकाळी कोनाशी भांडून राहिले?"

"माह्याशीच वं. कालपासून ऐकून नाही राहिला."

मग एक नवे पाळक आले. तरुण, हुशार, कामाची हौस असलेले. त्यांनी 'आत्मिक आरोग्य तपासणी' नावाचा छापील फॉर्म काढला. प्रार्थना, शास्त्रवाचन, संयम, सेवा, क्षमा, असे रकाने. प्रत्येकात स्वतःला दहापैकी गुण द्यायचे. नाव लिहायचं, घरी नेऊन भरायचं आणि पुढच्या रविवारी पंचांकडे द्यायचं. मंडळीला फॉर्म फार आवडला. सगळ्यांना आठ, नऊ असे गुण पडले. आमच्या मंडळीचं आत्मिक आरोग्य इतकं ठणठणीत असेल याची पाळकांनाही कल्पना नव्हती.

फॉर्म गोळा करायच्या आधी काका उभे राहिले.

"पास्टरसाहेब, एक इचारू? मी चाळीस वर्षं गाड्या तपासल्या. एकाही डब्यानं मले सोताहून सांगितलं नाही का माह्यं चाक फुटलं आहे म्हनून. त्याले दुसऱ्यानं ठोका लागते."

"मग तुम्ही फॉर्म भरला नाही?"

"भरला ना. हिच्याकडून भरून घेतला."

आणि त्यांनी तो सगळ्यांपुढे वाचून दाखवला. प्रार्थना, सात. सेवा, आठ. संयम, दोन. संयमापुढे काकूंनी कंसात लिहिलं होतं, 'भाजीत मीठ कमी असलं तर शून्य.' मंडळी हसली. काकू पदर तोंडाला लावून बसल्या होत्या आणि काका परीक्षेत पहिला आलेल्या पोरासारखे ऐटीत उभे होते. माझ्या माहितीत तरी आपले दोन गुण असे मिरवणारा दुसरा माणूस नाही.

फॉर्म गोळा करायला तेच आले. माझा फॉर्म त्यांनी हातात घेतला, खालपर्यंत वाचला आणि क्षमेच्या रकान्यावर थांबले. तिथे मी नऊ लिहिले होते. टकटक केलं नाही. फॉर्म गठ्ठ्यात घातला आणि पुढे गेले.

आता मला माझी गोष्ट सांगावी लागेल. ती सांगितल्याशिवाय काका कळायचे नाहीत.

माझा धाकटा भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेसाला राहतो. शेवटची दोन वर्षं आई त्याच्याकडे होती. एक दिवस सकाळी तिला धाप लागली. हा तिला घेऊन दवाखान्यात पोचला तेव्हा संध्याकाळ झाली होती. दुसऱ्या दिवशी आई गेली. कबरस्तानात माती दिल्यावर, पन्नास-साठ माणसांपुढे, मी धाकट्याला म्हणालो, "सकाळीच आणलं असतंस तर आई आज असती. तू मारलंस तिला." तो बायकोमुलांना घेऊन गेला तो आमच्या मंडळीत पुन्हा आला नाही. याला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं मी दर रविवारी उपासनेत पेटी वाजवत होतो, दर महिन्याला तबकातला प्याला उचलत होतो आणि क्षमेत नऊ घेत होतो. एक गुण मी नम्रतेपोटी कापला होता.

फॉर्म गोळा केले त्याच्या पुढच्या प्रभुभोजनाला मी पेटीवरून पाहिलं, काकांनी सगळ्या बाकांवर तबक फिरवलं, शेवटी त्यांची पाळी आली तेव्हा तबक टेबलावर ठेवलं आणि नुसते बसून राहिले. भाकरही घेतली नाही, रसही नाही. वाटलं, पोट बिघडलं असेल. पुढच्या महिन्यात तेच. तिसऱ्या महिन्यात लोकांनी ओळखलं आणि मग काय विचारता! पंच असून प्रभुभोजन घेत नाहीत म्हणजे काहीतरी मोठं असणार. कुणी म्हणालं, घरात भांडण. कुणी म्हणालं, जुनी काही भानगड असेल, आता म्हातारपणी टोचत असेल. ज्या बायका काकूंच्या हातची करंजी खाऊन मोठ्या झाल्या त्या काकूंशी बोलताना जरा दुरून बोलू लागल्या. आठव्या महिन्यात कमिटीत विषय निघाला, यांना पंच म्हणून ठेवावं का? कुणीतरी आधी जाऊन विचारावं असं ठरलं. आणि मला पाठवलं. का, तर मी जवळचा आणि माझी वागणूक चांगली.

काका अंगणातच होते. गेल्या काही दिवसांत त्यांचं हृदय कुरकुरायला लागलं होतं. पाय सुजलेले, पुढ्यातल्या स्टुलावर ठेवलेले.

मी जरा घसा साफ करून म्हणालो, "काका, कमिटीने विचारलंय, तुमचं काय बिघडलं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. "तुले पाठवलं? दुसरं कोनी भेटलं नाही त्यायले?"

"सांगा ना काका. लोक काहीबाही बोलतात."

"बोलू दे." काकूंनी पाणी आणून दिलं आणि त्या आत गेल्या. तेव्हा ते म्हणाले, "बाबू, तुह्या मायच्या मातीले मी तुह्या बाजूले उभा होतो. तू धाकट्याले जे बोलला ते मी ऐकलं. तवाच मले बद्द आवाज आला. अन् मी काय केलं? काही नाही केलं. म्हटलं, दोस्त आहे, पेटी वाजवते, बोललो तर रुसन, गानं बंद पडन. सहा वर्षं मी तुले तबक देत गेलो. खडूनं खून करून गाडी पास केली मी तुही."

मला राग आला.

"मग तेव्हाच बोलायचं होतं मला!"

"होय ना गा. तवाच बोलाचं होतं. म्हनून तर उपाशी बसलो आहो."

"आणि लोक तुमच्यावर चिखल उडवतात तेव्हा तरी सांगायचं ना, हे बाबूमुळे आहे म्हणून."

"तुह्यामुळे नाही बाप्पा. तुह्यं तू पाह्य. हे माह्यं आहे."

मी तडक उठून आलो. कमिटीला सांगितलं की काकांची तब्येत बरी नाही. म्हणजे तिथेही अर्धंच खरं. तीन आठवडे मी त्यांच्या घरावरून जाताना गल्लीच्या दुसऱ्या कडेने गेलो. राग त्यांचा येत होता असं मी स्वतःला सांगत होतो. खरं सांगायचं तर लाज वाटत होती. आठ महिने या माणसाने अख्ख्या मंडळीत मान खाली घातली, कमावलेली अब्रू घालवली आणि माझं नाव एकदाही तोंडातून काढलं नाही. आणि काळजी त्याला माझी नव्हती, स्वतःच्या चुकीची होती. तोंडदेखला चांगुलपणा असता तर मी परत फेकला असता. याचं काय करणार?

चौथ्या शनिवारी बेसाला गेलो. सहा वर्षांत तिथे इतक्या इमारती उगवल्या होत्या की भावाचं घर सापडेना. सख्ख्या भावाचा पत्ता मी दुधाच्या दुकानात विचारला. दार त्यानेच उघडलं. केस पांढरे झाले होते त्याचे. मी पाठ करून नेलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "मी चुकलो. तसं बोलायला नको होतं."

त्याने मला आत घेतलं, पंखा लावला. मग म्हणाला, "दादा, मी सकाळीच रिक्षा बोलावली होती. आईच आली नाही. म्हणे, आज दादाच्या हापिसात तपासनी आहे, त्याले फोन करू नको. संध्याकाळी तो हापिसातून सुटला का त्याच्यासंगंच जाऊ. मग धाप वाढली तवा मीच नेलं."

मी म्हणालो, "हे सहा वर्षांत कधी सांगितलं नाहीस?"

"सांगून का करू? मले लागलं तेवढं पुरे होतं. तुले काहून लावू?"

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, त्याच्या सोफ्यावर बसून ढसाढसा रडलो. हे लिहायला मला लाज वाटत नाही. एकीकडे असा भाऊ आणि एकीकडे असा शेजारी. मी काय पुण्य केलं होतं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार होता. धाकटा उपासनेला आला, सहा वर्षांनी. पंचांच्या बाकावर काका नव्हते. शनिवारीच त्यांनी अंथरूण धरलं होतं. पाळक तबक घेऊन बाकाशी आले तेव्हा मी पेटीवरून उठलो आणि म्हणालो, "आत्ता नको. आम्ही दोघं काकांच्या घरी घेऊ." आणि सगळ्या मंडळीपुढे, काका उपाशी का बसले होते ते सांगितलं. कमिटीतली माणसं खाली बघू लागली. काकू मात्र ताठ बसल्या होत्या.

उपासना सुटल्यावर पाळक तबक घेऊन आमच्याबरोबर आले. काका उशांना टेकून बसले होते. खोलीत आधी मी शिरलो, मागून धाकटा. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाळकांनी प्रार्थना केली आणि भाकर त्यांच्यापुढे धरली.

"आधी त्यायले द्या," काका म्हणाले.

आम्ही दोघांनी घेतलं. मग त्यांनी घेतलं. भाकरीचा नखाएवढा तुकडा, पण ते तो कितीतरी वेळ चावत राहिले. प्याला काकूंनी धरला. एका घोटात संपला. त्यांनी डोळे मिटले. आम्हाला वाटलं, प्रार्थना करताहेत.

त्यांनी एक डोळा उघडला आणि तबकाकडे बोट केलं.

"पास्टरसाहेब, अजून एक भेटन का?"

प्रभुभोजनात दुसरा प्याला देत नाहीत. तशी रीत नाही. तरुण पाळक गोंधळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं आणि मग तबकातला दुसरा प्याला उचलून स्वतःच्या हाताने काकांच्या ओठांना लावला.

त्या बुधवारी काका गेले.