आईची नस, बाबांची नस

मी प्राणिशास्त्र शिकवते, आणि माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक याच विषयाच्या जोरावर झाली.

बाळापूरजवळच्या आमच्या गावी आई आणि बाबा, दोघांचीही कमरेतली नस एकाच वर्षी दबली. पायापर्यंत जाणारी चमक दोघांना सारखीच. अकोल्याच्या डॉक्टरांनी गोळ्याही सारख्याच दिल्या. बाबा महिन्याभरात हिंडू-फिरू लागले. आई म्हणाली, "मले काईच फरक नाई."

डॉक्टरांनी विचारलं, "कापूस वेचता का?"

"रोजच."

"किती?"

"बाकीच्या बायांएवढाच."

"मग एवढं काही दुखत नसणार. मनावर घेऊ नका."

अमरावतीहून खास रजा काढून आलेली मी शेजारीच बसले होते, आणि मी चक्क मान डोलावली! बाहेर आल्यावर वर शहाणपणाही शिकवला. "आई, नस ती नस. बाबांची बरी होते, मग तुझी का नाही?" त्यानंतर तिने माझ्यापाशी दुखण्याचं नावच काढलं नाही. मला वाटलं, बरी झाली.

शेतीची ती वाईट वर्षं होती. विचारपूस करायला सरकारी माणूस, पत्रकार, गावात कुणीही आलं, की फक्त पारावरच्या पुरुषांशी बोलून परत जायचं. बायका तेव्हा वेचणीला गेलेल्या असायच्या. मला या लोकांचा फार राग यायचा. मीही त्यांच्यातलीच एक, हे कळायला तीन वर्षं लागली.

एका सकाळी विभागातल्या कॉम्प्युटरवर मी सहज काहीतरी वाचत बसले होते आणि एकदम उठून उभीच राहिले. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम दचकल्या. "काय झालं?"

"उंदरांच्या माद्या!" मी ओरडले. मॅडमनी आधी पाय वर घेतले.

गोष्टच तशी होती. मणक्याच्या दोन्ही बाजूंना चेतापेशींच्या बारीक गाठी असतात. दुखल्याची वर्दी याच पेशी आत पोचवतात. वर्षानुवर्षं त्यांचा अभ्यास व्हायचा तो बहुतेक नर उंदरांवर. मादीचं संप्रेरकांचं चक्र मध्ये येतं, हिशेब बिघडतो, म्हणून ती बाजूला. मीही वर्गात हेच सांगत आले होते, तेही न अडखळता. आता कुणीकुणी नर-मादी दोघांच्या पेशी शेजारी शेजारी ठेवून पाहू लागलं होतं. आणि त्या पेशींमधली काही जनुकं दोघांत सारखी चालत नव्हती! इथे एखादं जोरात, तिथे तेच मंद. इजा झाल्यावर तर फरक आणखी. माणसांच्या पेशींतही असं काही दिसू लागलं होतं. यावरून आईचं दुखणं सिद्ध होत नव्हतं, एवढं मला कळत होतं. पण "नस ती नस" हे माझं वाक्य मात्र साफ कोसळलं होतं.

उरलेले तास मॅडमच्या गळ्यात घातले आणि मिळेल ती एसटी पकडली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, मी आपली मनातल्या मनात आईला जनुकं समजावतेय. घरी कुलूप. सरळ शेतात गेले.

पाच-सहा बायका ओळीने वेचत होत्या, प्रत्येकीच्या कमरेला ओटी, म्हणजे कापूस ठेवायचं फडकं बांधलेलं. मी बांधावरूनच सुरू झाले. "आई, उंदरांवर तपासून पाहिलंय! दोन घरांत मसाल्याचा डबा सारखाच असतो, पण एकीचा हात तिखटावर जड, दुसरीचा हळदीवर. तसंच बाईच्या आणि पुरुषाच्या नसेचं आहे!" धाप लागली होती, तरी तोंड थांबत नव्हतं.

आणि तेवढ्यात मला दिसलं. आई फक्त वरची बोंडं वेचत होती. तिच्या झाडांची खालची बोंडं दोन्ही बाजूंच्या बायका वाकून वेचत होत्या आणि कापूस तिच्या ओटीत टाकत होत्या.

"हे काय?"

"तिले वाकता येत नाई वं," एक म्हणाली. "तीन सालं झाली. तिची ओटी कमी भरली त घरचे म्हनतीन, बसून राह्यली."

म्हणजे ज्या कापसावरून डॉक्टरांनी आणि मी तिला खोटं ठरवलं, तो सगळा तिने वेचलेलाच नव्हता. मला तिथेच रडू आलं.

आईने हातातलं बोंड सोडवलं. "मंग आता तुले खरं वाटलं?"

"हो."

"उंदरानं सांगतलं म्हून?"

बायका खो खो हसल्या. मीही रडता रडता हसले, पण लाजेने कान तापले होते.

पुढच्या आठवड्यात अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न विचारला, "कापूस वेचता का?" आईने माझ्याकडे पाहिलं. मीच सांगितलं, "वरचा. खालचा शेजारणी वेचून देतात, तीन वर्षांपासून."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "दाखवा बरं, कुठून कुठपर्यंत दुखतं?"

मी उत्साहाने जनुकांबद्दल तोंड उघडलं. आईने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आता तू फक्त आयक," ती म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगू लागली.