टाळ्यांसाठी नऊ सेकंद

नवीन व्हर्जन तपासायचं काम माझ्याकडे आलं की मला बरं वाटतं, कारण त्यात बोलावं लागत नाही. एक फॉर्म असतो. डावीकडे काय तपासायचं ते लिहिलेलं असतं, उजवीकडे मी खूण करायची, आणि तळाशी शेऱ्यासाठी छोटा चौकोन. चौकोन मी सहसा रिकामा सोडते. आमच्या टीमचा मुख्य म्हणतो, "तिने काही लिहिलं नाही ना? म्हणजे सगळं ओके."

आमची कंपनी घोडबंदर रोडवर आहे, छोटीच. आम्ही कॉम्प्युटरवर गाणी नि व्हिडिओ लावायचा प्लेअर बनवतो. "हल्ली हे वापरतं कोण? सगळं फोनवर असतं की!" असं प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारतं आणि मी हसून जिलबी घेते. खरं उत्तर डोंबिवलीत आमच्या हॉलमध्ये आहे. माझी आई वापरते.

आईचा मंगळागौरीचा ग्रुप आहे. आठ बायका, सगळ्या आमच्याच सोसायटीतल्या. श्रावणात स्पर्धा असते, म्हणून आषाढ लागला की आमच्या हॉलमधला सोफा भिंतीला लागतो, टीपॉय गॅलरीत जातो आणि बाबा मित्राकडे जातात. फोनवर गाणं लावलं तर ऐन झिम्म्यात कुणाच्या तरी जावेचा फोन येतो, असा अनुभव असल्यामुळे गाणी आमच्या जुन्या डेस्कटॉपवर लागतात. त्याचे स्पीकर मोठे आहेत आणि त्याला जाऊ नाही.

यंदाच्या नवीन व्हर्जनमध्ये आमच्या लोकांनी बरंच काही केलं होतं. रंग काळा केला होता. सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणायची सोय होती. आणि एक भारी गोष्ट होती. रेकॉर्डिंगमध्ये कुठे शांतता असली की प्लेअर ती आपोआप वगळून पुढे जायचा. ही सोय मी ऑनलाइन लेक्चरवर तपासली. सर फळ्याकडे वळून लिहायचे, खोकायचे, चष्मा शोधायचे, त्यातलं खोकणं तेवढं उरलं आणि बाकी सगळं गळालं. तासाचं लेक्चर कितीतरी आधी संपलं. शेऱ्याच्या चौकोनात मी आयुष्यात पहिल्यांदा 'उत्तम' असं लिहिलं. ऑफिसात त्याची चर्चा झाली.

फॉर्ममधली एक ओळ राहिली होती, खऱ्या वापरकर्त्याकडे चालवून बघणे. मी आईच्या डेस्कटॉपवर नवीन व्हर्जन टाकून ठेवलं. तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर 'चालतंय ते चालू दे' असं म्हणाली असती.

संध्याकाळी प्रॅक्टिस सुरू झाली. मी स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप. ग्रुपमध्ये सगळ्यात मोठ्या म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या बाई. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना सगळ्या बाईच म्हणतात, आईसुद्धा. मला बघितलं की त्या ठरलेलं एक वाक्य म्हणतात. "काय गं इंग्लिश मिडियम, एकोणऐंशी म्हणजे किती?" मी मनात मोजेपर्यंत त्या पुढे गेलेल्या असतात.

गाणी छान लागली. बसफुगडी आली. दोघीदोघींनी उकिडवं बसून, हात धरून, पाय पुढे टाकत घालायची ती फुगडी. बाई त्यात अजून कुणाला ऐकत नाहीत. फुगडी संपली, ढोलकी थांबली आणि त्याच क्षणी झिम्मा सुरू झाला. बाकी सगळ्या कशाबशा उभ्या राहिल्या, त्यातल्या दोघी एकमेकींवर आदळल्या. बाई खालीच होत्या. एक हात सोफ्याच्या पायाला.

"अगं लक्ष कुठंय सगळ्यांचं?" आई ओरडली. "परत!"

परत तेच. या वेळी बाईंना ओलांडून झिम्मा गेला.

"बाईंचा पाय तुडवशील गं!"

"मी कुठे तुडवतेय? गाणंच पळतंय!"

"गाणं तेच आहे. आपण सुस्तावलोय. चहा नंतर मिळेल, परत!"

तिसऱ्यांदा बाईंनी उठायचा प्रयत्नच केला नाही. खाली बसूनच हाताने झिम्मा धरला, गाणं संपेपर्यंत. मग शांतपणे पदर नीट केला आणि आईला म्हणाल्या, "मी थांबते आता. माझ्या जागी दुसरी बघ."

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. बाई चपला घालून खाली गेल्या.

त्या वेळी मी फॉर्ममध्ये काय लिहिलं होतं ते मला तोंडपाठ आहे. 'एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना कुठेही अडखळत नाही.' पुढे बरोबरची खूण. मी स्क्रीनकडे बघत होते ना.

बायका गेल्यावर आई सोफा ओढता ओढता स्वतःशीच बोलत होती. "नऊ सेकंद ठेवलेत. नऊ सेकंदांतही उठता येईना म्हणजे गुडघा फारच गेला असणार."

"कसले नऊ सेकंद?"

आईने आधी दाराकडे बघितलं. मग हळू आवाजात सांगितलं. रेकॉर्डिंगच्या वेळी तिने पेटीवालीला सांगून बसफुगडीनंतर मुद्दाम मोकळी जागा ठेवून घेतली होती, बाईंना उठायला वेळ मिळावा म्हणून. ग्रुपमध्ये सांगितलं होतं की ती जागा प्रेक्षकांच्या टाळ्यांसाठी आहे.

मी स्टुलावरून उठले आणि डेस्कटॉपपाशी गेले. फाइल जेवढी लांब होती, त्यापेक्षा नऊ सेकंद आधी संपली होती. तिन्ही वेळा. माझ्या उत्तम प्लेअरने बाईंची उठायची जागा खाल्ली होती.

"आई, ते गुडघ्याचं नाहीये," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं.

आईने हातातली उशी सोफ्यावर आपटली. "तू माझ्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी घातलंस?"

"टेस्टिंगसाठी."

"मग जा आणि सांग त्यांना."

"तूच सांग ना गं."

"मशीन कुणाचं?"

"पण त्या विचारतील ना, जागा कशासाठी होती."

"टाळ्यांसाठी," आई म्हणाली. "टाळ्यांसाठीच सांगायचं. गुडघा हा शब्द तोंडातून काढलास तर बघ."

आमच्या घरापासून बाईंच्या घरापर्यंत दोन मजले आहेत. रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेतलं, तो काखेत मारला आणि उतरताना चार वाक्यं तयार केली. बाईंनी दार उघडलं तेव्हा एकही उरलं नव्हतं. पलंगावर त्यांची नऊवार घडी करून ठेवली होती, त्यावर नथीची डबी. ग्रुपची साडी ती, सगळ्यांची एकसारखी.

"बरी आलीस. हे वर घेऊन जा. दुसरीला होईल."

मी साडी घेतली नाही. बोलताही येईना, म्हणून तिथेच पलंगावर बसून लॅपटॉप उघडला. आवाजाची रेघ दाखवणारी खिडकी असते, ती लावली. ढोलकी वाजली की रेघेला डोंगर येतात, ती थांबली की रेघ सपाट होते.

"हे सपाट काय आहे?" बाईंनी चष्मा नाकावर घेतला.

"टाळ्या."

"या टाळ्या?"

"म्हणजे, टाळ्यांसाठीची जागा. आमच्या प्लेअरने ती उडवली. आज तुमच्या वेळी ही नव्हतीच. माझी चूक झाली. मी न विचारता टाकला तो."

एवढं मी सलग कुणाशी बोलत नाही. बाई स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या.

"प्रॅक्टिसला टाळ्या कोण वाजवतं गं? आणि नेमक्या बसफुगडीनंतरच? बाकीची गाणी काय आम्ही वाईट नाचतो?"

मी ती रेघ उगाचच मोठी करून बघितली.

"पहिल्या दिवसापासून मला माहीत आहे ती जागा कुणासाठी आहे. तुझ्या आईला नाही येत खोटं बोलता, कान लाल होतात तिचे. पण तिला सांगू नकोस हां मला कळलंय म्हणून. ती एवढं जपून करतेय तर करू दे."

"मग तुम्ही 'थांबते' असं का म्हणालात?"

"अगं, एवढी जागा ठेवूनही मला उठता येईना, असंच वाटलं ना मला! म्हटलं संपलं आपलं." त्यांनी त्या सपाट रेघेवर बोट टेकवलं. "जागाच नव्हती होय! गाढव आहे तुझं मशीन."

"हो."

"ऊठ. आता नीट तपासू. मोज. मराठीत मोजायचं."

पलंग आणि कपाट यांच्या मधल्या फटीत बाई उकिडव्या बसल्या. मी मोजायला लागले. पाचाला हात गुडघ्यावर आला, सहाला कपाटाचा कोपरा धरला आणि सातावर त्या उभ्या होत्या. कपाटातली भांडी अजून वाजत होती.

"लिही तुझ्या त्या फॉर्मवर. सात," त्या म्हणाल्या आणि नथीची डबी उचलून पुन्हा कपाटात ठेवली.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मुख्याने नेहमीसारखं विचारलं, "कुणाला काही?" आणि नेहमीसारखं माझ्याकडे न बघताच तो पुढच्या मुद्द्याकडे वळला.

"थांबा," मी म्हणाले.

सगळे थांबले. हे मला अपेक्षित नव्हतं, त्यामुळे मीही थोडी थांबले. मग सांगितलं की शांतता वगळायची सोय आधीपासून चालू ठेवू नका, ज्याला हवी तो चालू करेल.

"पण तूच 'उत्तम' लिहिलं होतंस ना?"

"खोडलंय."

"अशी कुठली केस आहे की ज्यात शांतता लागते?"

बसफुगडी अर्ध्या टीमला समजावून सांगणं माझ्या ताकदीबाहेरचं होतं. मी म्हणाले, "तुम्ही खाली उकिडवे बसा. मी टिचकी वाजवली की लगेच उभे राहा."

त्याला वाटलं मी गंमत करतेय. माझ्याकडून गंमत हीच इतकी नवीन गोष्ट होती, की तो खरंच बसला. मी टिचकी वाजवली. तो टेबलाला धरून, एका हाताने कमर दाबत वर आला आणि वर येऊन म्हणाला, "बंद ठेवू या."

घरच्या डेस्कटॉपवर ती सोय मी त्याआधीच बंद केली होती. या वेळी आईला विचारून. संध्याकाळी प्रॅक्टिसला आठही जणी आल्या. मी पुन्हा दारातल्या स्टुलावर, पण लॅपटॉप आत ठेवला होता.

बसफुगडी झाली. ढोलकी थांबली. हॉलमध्ये नुसता पंख्याचा आवाज. आई बाईंकडे अजिबात न बघता कॅलेंडर वाचत होती आणि तिचे कान लाल झाले होते. बाईंनी गुडघ्यावर हात ठेवला, शेजारणीच्या खांद्याला धरलं आणि उठल्या. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. गाण्याला अजून वेळ होता.

"झोपलं का गं तुझं मशीन?" त्यांनी मला विचारलं.

"दोन सेकंद राहिलेत," मी म्हणाले.

"मग नुसतं उभं राहून काय करायचं? टाळ्यांसाठी जागा आहे ना ही?" बाईंनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुठायत टाळ्या?"

मी कधीच कुठल्या कार्यक्रमात पहिली टाळी वाजवत नाही. आजूबाजूचे वाजवायला लागले की त्यांच्यात मिसळते. त्या दिवशी हॉलमध्ये प्रेक्षक मी एकटीच होते. मी वाजवली.