उलटून न बघितलेले मासे

हे मी कुणालाच बोललेलो न्हाई. बायकोला न्हाई, अप्पांना तर न्हाईच. आज तुम्हाला सांगायलोय — कामून, ते मलाबी नीट कळंना.

मी संतपूरचा. आमचं घर लिंगायतांचं, अंड्याचं टरफलसुद्धा उंबऱ्याच्या आत येत न्हाई. अन् मी शिकलो काय, तर प्राणिशास्त्र. घरी वाटायचं, पोरगा भिंगातून किडे बघतोय. कॉलेजानं मांजरा नदीचं काम दिलं तवा मासे हाताळायचेत, हे मी सांगितलंच न्हाई.

नदीची तब्येत माशांवरून कळती. स्वच्छ पाण्यातले मासे आधी गायब होतात, कशातबी जगणारे मागं उरतात. अन् उरलेल्यांच्या अंगावर फोड आहेत का, पोहायचे पर कुजलेत का, हेबी बघायचं असतं. जाळं ओढायचा मिलिंद. माझा वर्गमित्र, होस्टेलात एकाच खोलीतला. त्याच्या आईनं दिलेली भाकर आम्ही एका ताटात खायचो. माझं काम एवढंच — बादलीतला एकेक मासा हातात घ्यायचा, दोन्ही बाजूंनी बघायचा, लिहायचं.

हातात घ्यायचा. इथंच घोळ आहे.

वाकलो की गळ्यातलं इष्टलिंग बादलीवर लोंबायचं. माशांना शिवू नये म्हणून एका हातानं मी ते छातीशी धरायचो, दुसऱ्या हातात पेन्सिल. मासा धरायला हात उरायचाच न्हाई — असं मी स्वतःला सांगायचो. शर्टात खोचता आलं नसतं का? आलं असतं. पिशवीत हातमोजे होते की. मग काय होतं ते? किळस? अप्पांना हाताचा वास येईल ही धास्ती? का देवाच्या नावाखाली नुसता आळस? लई विचार केला, पत्ता लागत न्हाई.

तर मी वरूनच बघायचो. माशांच्या पाठी दिसायच्या, पोटं न्हाई. अन् लिहायचो — फोड नाहीत.

शेवटचं ठिकाण मिलिंदच्या गावापाशी होतं. वरनं एका कारखान्याच्या नाल्याचं काळं पाणी नदीत यायलं होतं, अन् गाव औरादच्या तहसीलात जाऊन तक्रार द्यायच्या तयारीत होतं. कमरेएवढ्या पाण्यातनं मिलिंदनं विचारलं, "उलटून बघायलास न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

नदी चांगली ठरली. मिलिंदनं गावाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं — मासे धड आहेत, आम्ही एकेक तपासलाय, घाई करू नका. शिकलेलं पोरगं, लोकांनी ऐकलं. तक्रार राहून गेली.

मग उन्हाळ्यात मासे उलटे होऊन तरंगले. पोटांवर फोड होते. गावात बोलणं सुरू झालं, की मिलिंदनं नाल्यावाल्यांकडून पैसे खाल्ले. त्याच्या आईशी बाया बोलंनात. तो पुण्याला गेला, अन् आता सणालाबी गावाकडं येत न्हाई.

आम्ही धरलेल्या माशांना तवा फोड होते का? मला ठावं न्हाई. नसतीलबी. कधीकधी वाटतं, नसतीलच, अन् जरा बरं वाटतं — मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटती.

मागल्या आठवड्यात त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "ते अजून डोक्यातनं जात न्हाई रे. माझंच जाळं चुकलं असंल. काठाकाठानं ओढलं मी, आजारी मासे खोल पाण्यात राहिले असतील. तू तर एकेक बघितलास."

सांगता आलं असतं. फोनवर दुसरं कुणी न्हवतं.

"असंल," मी म्हणालो.

मग त्यानं अप्पांची तब्येत विचारली. बरी आहे म्हणालो.