महिना आधी, तारीख नंतर

श्रीधर लेले यांच्या वधूवर सूचक मंडळात नव्याण्णव साली कॉम्प्युटर आला, आणि तेव्हापासून ह्यांचा रक्तदाब वाढला असं त्यांच्या पत्नी कुसुमताई म्हणतात. मी सदाशिव पेठेत त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. माझं मत असं, की रक्तदाब आधीपासूनच होता, त्याला फक्त बसायला जागा मिळाली. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणाऱ्यांपैकी श्रीधरराव एक.

जिल्हा परिषदेत नोकरी करतानाच ते पत्रिका मांडायला लागले. आपण चुकलो तर दोन माणसांचं आयुष्य चुकेल, ही भीती त्यांच्या मनात कायमची होती आणि ती खरी होती, दाखवण्यापुरती नव्हती. त्यामुळे जन्मतारीख टाकली की पत्रिका छापून हातात देणारं यंत्र आल्यावर ते खूश झालेच नाहीत. कित्येक महिने यंत्राची प्रत्येक पत्रिका पंचांग घेऊन तपासत बसले. चूक सापडेना, तेव्हा नाइलाजाने विश्वास ठेवला.

दोन हजार दोनच्या दिवाळीत त्यांची भाची ऋचा फराळाला आली. ती हिंजवडीला नोकरी करते. हे इतकं जुनं कसं वापरता मामा, असं म्हणत तिने कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम घातली आणि वर अपडेटही चढवले. दुपार त्यातच गेली. दुसऱ्या दिवसापासून प्रिंटर मुका झाला. तो सुरू झाला तर पत्रिकेतल्या मराठी अक्षरांच्या जागी चौकोन उमटायला लागले. श्रीधरराव रोज फोन करत, ऋचा रोज काहीतरी दाबायला सांगत असे. आठवड्याभरात सगळं पूर्ववत झालं, किंवा तसं वाटलं. अक्षरं सुबक येत होती, ग्रह आपापल्या घरात बसत होते. श्रीधररावांनी सुटकेचा श्वास सोडला.

महिनाभराने रंगराव नावाचे गृहस्थ मुलाची पत्रिका घेऊन आले. ते शांतपणे बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आमचा मुलगा चार जुलैचा. तुम्ही त्याला सात एप्रिलला जन्माला घातलंय. त्याच्या आईला तरी विचारायचं होतं."

श्रीधररावांनी कागद पाहिला आणि पंचांगाआधी फोन उचलला. ऋचाला फोन लागला. तिने फोनवरूनच दोन-चार गोष्टी बघायला सांगितल्या आणि निदान केलं, की नव्या सिस्टिममध्ये तारखेची पद्धत अमेरिकेची झाली आहे. तिकडे महिना आधी लिहितात, तारीख नंतर. जन्म पुण्यात, पत्रिका पुण्यात, त्यात अमेरिकेचा काय संबंध, असं श्रीधररावांनी विचारलं. सेटिंग बदललं की झालं, असं ती म्हणाली. तिच्या दृष्टीने खरंच झालं होतं.

श्रीधररावांच्या दृष्टीने आता सुरुवात होती. तेरा तारखेपासून पुढचे जन्म यंत्राने बरोबर वाचले होते, कारण तेरावा महिना अमेरिकेतही नसतो. बारापर्यंतच्या तारखा मात्र उलट्या झाल्या होत्या. त्यांनी अशा सगळ्या पत्रिका पुन्हा काढल्या. बहुतेकांचं कुठे काही जमलेलं नव्हतं, त्यांना नवे कागद देऊन भागलं. अडकलं ते एकच लग्न.

मुलगी भाग्यश्री, कात्रजची. वडील हिंमतराव वाशिमकडून पोटासाठी पुण्यात आले आणि एका कारखान्यात लागले. मुलगा दिग्विजय शुक्रवार पेठेतला, सॉफ्टवेअरमध्ये. त्याची आई श्यामलाबाई पत्रिकेशिवाय मुलीचा फोटोही हातात न घेणारी. श्रीधररावांच्या कागदावर सत्तावीस गुण पाहून त्यांनी स्थळ पाहायचं ठरवलं. मुलं भेटली, एकमेकांना आवडली, मोटरसायकलवरून खडकवासल्याला कणसं खाऊन आली. साखरपुडा झाला. मार्गशीर्षातला मुहूर्त दहा-बारा दिवसांवर होता. आणि भाग्यश्रीची जन्मतारीख होती एक जून. यंत्राने ती सहा जानेवारी धरली होती. खऱ्या तारखेने गुण आले नऊ, वर एकनाड.

नऊ गुण आणि एकनाड म्हटल्यावर श्यामलाबाई मंगल कार्यालयाच्या दारातूनही मुलाला परत नेतील, याबद्दल आम्हा कुणालाच शंका नव्हती. सांगितलं तर लग्न मोडणार, मुलीची गावभर बदनामी होणार. नाही सांगितलं आणि उद्या त्यांच्या संसारात काही वाईट झालं, तर ते आपल्यामुळे, असं श्रीधररावांनी मनात पक्कं धरलं. एकनाडीवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. माझा नाही, पण त्यांच्या तोंडाकडे पाहून मलाही भीती वाटायला लागली.

त्यांचं जेवण सुटलं. फोन वाजला की ते दचकत. मंडईत श्यामलाबाई दिसल्या तर भाजी न घेताच परत आले. "वाईट काय ते होईल तेव्हा होईल," कुसुमताई म्हणाल्या, "तोवर निदान कोथिंबीर तरी आणायची." पण रात्री त्याच माझ्याकडे वर आल्या आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, की ह्यांना काहीतरी होईल हो, तुम्ही समजवा.

मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, की आधी मुलीच्या वडिलांना सांगायचं, मग ते म्हणतील तसं. तुम्ही स्कूटरवर न्याल का? मी नेलं. स्वारगेटच्या सिग्नलला त्यांनी माझा खांदा इतका घट्ट धरला, की परत फिरू या म्हणतात की काय असं मला वाटलं.

हिंमतरावांच्या दोन खोल्यांत लग्नाची गडबड होती. कोपऱ्यात रुखवताची बोचकी होती. भाग्यश्री ऑफिसात गेली होती. आम्हाला पाहताच हिंमतरावांचा चेहरा उतरला. त्यांनी सतरंजी अंथरली, पाणी दिलं आणि श्रीधररावांनी तोंड उघडायच्या आत हात जोडले.

"साहेब, तुम्ही कायसाठी आले ते मले समजलं," ते म्हणाले. "पत्रिकेवर सहा जानेवारी पाहिलं, तवाच मले वाटलं, तुमाले खरं सापडलं."

श्रीधरराव माझ्याकडे पाहायला लागले. हिंमतराव खाली मान घालून सांगत राहिले. एक जून ही तारीख गावच्या गुरुजींची. शाळेत नाव घालायला गेलं की ते सगळ्याच पोरांची एक जून लिहीत. त्यांच्या दोन्ही पोरींची तीच. भाग्यश्रीचा खरा जन्म संक्रांतीच्या आसपासचा, शेवटची वेचणी चालू होती आणि तिची आई कापसाच्या ढिगाशीच बाळंत झाली होती. दिवस कोणता ते कुणी मांडून ठेवलं नाही. मंडळात तारीख विचारली, शाळेच्या दाखल्यावर होती ती सांगितली. वेळ विचारली, पहाट सांगितली. साहेबांनी पाच लिहिलं. पुढे छापील कागदावर जानेवारी आला आणि ह्या माणसाने धसका घेतला, की पुण्याच्या विद्वानाने ग्रहांवरून आपलं खोटं पकडलं. तेव्हापासून कुणी बोभाटा करेल या भीतीने तोही नीट जेवला नव्हता. "लग्न मोडू नका, साहेब," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

मला हसू आवरेना. यंत्र चुकलं होतं आणि चुकून खऱ्याच्या जवळ जाऊन पडलं होतं. श्रीधररावांना हे समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. ते म्हणाले, हिंमतराव, मी मोडायला आलोच नाही. माहीतच नसलेल्या तारखेचे गुण काढणार कसे, आणि श्यामलाबाईंना जाऊन सांगणार काय? त्यांना दिलाय तोच कागद राहू दे. मुलं सुखी राहोत. चहा टाका, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. इतक्या दिवसांत त्यांनी काही खायला-प्यायला मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

चहा घेऊन हिंमतरावांची थोरली मुलगी द्वारका आतून आली. पस्तिशीच्या आसपासची, शाळेत शिपाई म्हणून नोकरी करणारी, घर चालवणारी. आमचं बोलणं तिने आतून ऐकलं होतं, पडद्यापलीकडेच तर होती. श्रीधररावांनी तिला ओळखलं आणि त्यांचा कपाकडे गेलेला हात थांबला. कॉम्प्युटर येण्याच्याही आधी दाखल्यावरची एक जून धरून तिची पत्रिका त्यांनी स्वतः मांडली होती. कडक मंगळ निघाला होता. चांगलं जुळत आलेलं स्थळ त्या मंगळावर फिरलं, आणि मग मंगळाचाच मुलगा हवा म्हणून हिंमतरावांनी बरीच वर्षं पायपीट केली. शेवटी तिनेच, आता पुरे, म्हणून सांगितलं.

तिने कप श्रीधररावांपुढे ठेवला आणि ती तिथेच खाली बसली. तिला राग आला असावा असं वाटत नव्हतं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"काका," ती म्हणाली, "मग माझा तो मंगळ कुणाचा होता?"

श्रीधररावांनी हिंमतरावांकडे पाहिलं, आणि हिंमतराव श्रीधररावांकडे पाहत होते.