फॅरोची दाढी, पाटलाचं पागोटं

वडिलांच्या तेराव्याला मी पाटावर मान ताठ करून बसलो होतो. पागोटं बांधल्यावर चेहरा गंभीर कसा ठेवायचा, याचा आरशासमोर सरावही झाला होता. गावची पाटीलकी कधीच गेली होती, जमीनही गेली होती. पण ज्याच्या डोक्याला पागोटं त्याचा घरात शब्द, हा रिवाज गाव सोडून शहरात, अंबरपेठेत येऊनही टिकून होता.

घर चालवत होती माझी थोरली बहीण, अक्का. उदारीकरणाच्या नव्या वाऱ्यात मी नोकरीला होतो ती कंपनी बंद पडली, तेव्हा तिनं पुढच्या खोलीत एसटीडी बूथ टाकला. सासर सोडून आलेली ती; त्या बूथवरच तिचा जीव. आणि मामांनी तर सकाळीच जाहीर केलं होतं, "आज पाटील ठरला की उद्या बूथ बंद! पाटलाच्या घरची बाई दुकानात बसते, शोभतं का?" मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. होऊ घातलेल्या पाटलाला एवढंच जमतं.

मामा पागोटं घेऊन पुढे आले, तोच माझी सातवीतली लेक म्हणाली, "आत्याला का नाही बांधत? इजिप्तमध्ये एक बाई राजा झाली होती. केबलवर दाखवलं."

"राणी म्हण," मी दटावलं.

"राणी नाही बाबा, राजाच! राजाच्या पदव्या लावायची. पुतळ्याला खोटी दाढीपण आहे. आणि तिथल्या राजाला फॅरो म्हणतात ना, तो शब्द आधी राजासाठी नव्हताच. फॅरो म्हणजे मोठं घर! राजवाड्याला म्हणायचे, नंतर राजालाच म्हणायला लागले."

"मग लावा की अक्काला दाढी!" मामा म्हणाले. सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं मी.

तेरा दिवस कोपऱ्यात गप्प बसलेली आई बोलली, "दादा, दाढी नक्को. पागोटं बांध तिला. हे घर तिच्यावर उभं आहे."

गुरुजींचा मंत्र अर्ध्यावर तुटला. काकूनं तोंडावर पदर घेतला. मामांचे हात हवेतच राहिले. माझी मान तशीच ताठ. आता ती खाली कशी घ्यायची हेच सुचेना.

"आई, काहीतरीच काय!" म्हणत अक्का आत पळत होती. आईनं तिचं मनगट धरलं आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. मी उठलो. पायांना मुंग्या आल्यामुळं तेही धड जमलं नाही.

तेराव्याच्या दिवशी मामांनी आपल्या बहिणीचा शब्द मोडायचा कसा? माझ्या जागी पाटावर बसवलेल्या अक्काला त्यांनी पागोटं बांधलं, पण डोळे मिटून.

तेवढ्यात बूथच्या काउंटरवर कुणीतरी नाणं वाजवलं. सवयीनं अक्का तशीच बाहेर गेली, मागोमाग आम्ही सगळे. गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरलं. एकदा पागोट्याकडं, एकदा तिच्या कुंकवाकडं बघत राहिलं.

"पाटीलसाब नहीं हैं क्या?"

अक्कानं एका हातानं पागोटं सावरलं, दुसऱ्या हातानं रिसीव्हर उचलला.

"मैंच हूँ. नंबर बोलो."